परसातील तळ्याचा न दिसणारा भक्षक

परसातील तळ्याच्या काठी उभा असलेला बगळा साऱ्या घराला दिसतो. त्याच तळ्याच्या तळाशी, गाळात दडून बसलेले चतुराचे पिल्लू मात्र कोणाच्याही नजरेस पडत नाही. हंगामाच्या अखेरीस मासे अपेक्षेपेक्षा कमी निघाले की दोष साहजिकच दिसणाऱ्याच्या माथी बसतो. मग तळ्यावर नायलॉनचे जाळे पसरले जाते, फटाके वाजवले जातात, आणि प्रसंगी विषारी आमिषापर्यंत मजल जाते. पुढच्या वर्षी बगळा येत नाही, तरीही मासे कमीच निघतात.

पश्चिम बंगाल, ओडिशा, आसाम आणि त्रिपुरा येथील घरामागची तळी असोत, की महाराष्ट्रात २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून व इतर योजनांतून उभी राहिलेली शेततळी असोत, सर्वत्र मासळीच्या संरक्षणाचा विचार बहुधा काठावरून, म्हणजे पक्षी, साप आणि मांजर यांच्यापासून सुरू होतो. तो पाण्याच्या आतून सुरू व्हायला हवा. विस्तार कार्यकर्त्याने ‘तळ्यावर कोण येते?’ असे विचारण्यापूर्वी ‘तळ्यात केवढे बीज सोडले होते, आणि ते सोडण्यापूर्वी पाण्यात काय होते?’ असे विचारावे. हा क्रम बदलला, तर निरर्थक खर्च टळेल आणि निरपराध प्राण्यांचे जीवही वाचतील.

नुकसान नेमके कोणत्या टप्प्यावर होते?

कटला, रोहू आणि मृगळ या भारतीय प्रमुख कार्प माशांचे बीज तीन टप्प्यांत ओळखले जाते. सुमारे ६ मिलीमीटर लांबीचे, चार दिवसांचे मत्स्यजिरे. २० ते २५ मिलीमीटरचे मत्स्यबीज. आणि ८० ते १०० मिलीमीटरची मत्स्यबोटुकली. मत्स्यजिऱ्यांपासून मत्स्यबीज तयार होण्यास १५ ते २० दिवस लागतात. चांगली तयारी केलेल्या संगोपन तळ्यातही या अवस्थेत साधारणपणे ३० ते ४० टक्केच पिल्ले जगतात. त्यापुढील दोन ते तीन महिन्यांत, बोटुकली होईपर्यंत, ६० ते ७० टक्के जगतात. म्हणजेच १,००० मत्स्यजिऱ्यांमागे १८० ते २८० बोटुकली हाती येणे हा चांगल्या व्यवस्थापनाचा हिशेब आहे. कोणतीही तयारी न केलेल्या परसातील तळ्यात तो याहून बराच खालावतो.

ही सारी घट भक्षकांमुळेच होते असे मात्र नाही. प्राणिप्लवंगांची कमतरता, पहाटे पाण्यातील प्राणवायू घटणे, आणि वाहतुकीत बीजाला बसलेला ताण यांचाही त्यात वाटा असतो. तरीही भक्षकांमुळे होणाऱ्या घटीचा मोठा भाग याच कोवळ्या अवस्थांत होतो, आणि त्या आकाराच्या पिल्लामागे लागणारे भक्षक प्रामुख्याने पाण्यातले कीटक, बेडूक आणि लहान मांसाहारी मासे असतात. पाणकावळा, ढोकरी किंवा पाणमांजर यांचा प्रश्न उभा राहतो तो मासा दिसण्याजोगा मोठा झाल्यावर. तोवर तळ्यातील संख्येचा निकाल बऱ्याच अंशी लागलेला असतो.

पाण्यातील चार शिकारी

या कीटकांचे चार गट शेतकऱ्याला ओळखता आले, तर पुढचे उपाय सहज समजतात.

पहिला गट पाठीवर उलटे पोहणाऱ्या ढेकणांचा. ते आकाराने लहान असले तरी थव्याने वावरतात आणि सोंडेने पिल्लाच्या अंगातील रस शोषून घेतात. दुसरा गट मोठे पाणढेकूण आणि पाणविंचू यांचा. यांचे पुढचे पाय पकडीसारखे असतात. यांतील लेथोसेरस हा महाकाय ढेकूण बोटुकलीएवढा मासाही धरू शकतो; मणिपुरात तो आवडीने खाल्ला जातो, ही गोष्ट वेगळी. तिसरा गट पाणभुंगेऱ्यांचा. यांचे प्रौढ आणि अळ्या दोन्ही मांसाहारी असून अळीचे पोकळ जबडे भक्ष्यात पाचक रस सोडतात आणि विरघळलेले मांस शोषतात. चौथा गट चतुराच्या पिल्लांचा. यांचा खालचा ओठ घडीच्या हातासारखा असतो. भक्ष्य टप्प्यात येताच तो क्षणार्धात पुढे झेपावतो.

यांपैकी पहिले तीन गट आणि चौथा गट यांच्या श्वसनात मूलभूत फरक आहे, आणि व्यवस्थापनाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ढेकूण, पाणविंचू आणि पाणभुंगेरे पाण्यात राहत असले तरी श्वास हवेतूनच घेतात. त्यासाठी त्यांना ठरावीक वेळाने पृष्ठभागावर यावे लागते. चतुराचे पिल्लू मात्र गुदाशयातील कल्ल्यांनी पाण्यातलाच प्राणवायू घेते. त्याला वर येण्याची गरज पडत नाही.

परसातील तळेच यांना का मानवते?

हे कीटक पाण्याबरोबर वाहत येतातच असे नाही. बहुतेक उडत येतात. पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा ध्रुवीकृत प्रकाश त्यांना दुरून पाण्याची जागा दाखवतो. काळ्या प्लॅस्टिकचा चकचकीत पृष्ठभागही त्यांना पाण्यासारखाच भासतो. त्यामुळे अस्तरीकरण केलेले शेततळे नवे आणि स्वच्छ असले, तरी पाणी भरल्यावर थोड्याच दिवसांत त्यात कीटक दाखल होतात. मोठे पाणढेकूण आणि पाणभुंगेरे रात्री दिव्याकडे आकर्षित होतात. घरामागच्या तळ्यावर चोरीच्या भीतीने रात्रभर लावलेला दिवा नेमका या शिकाऱ्यांना आमंत्रण देतो.

पावसाळ्याचा योगही असाच जुळून येतो. पँटाला फ्लेव्हेसन्स या शास्त्रीय नावाचा पिवळसर चतुर मोसमी वाऱ्यांच्या साथीने लांबचा प्रवास करतो आणि नव्याने साचलेल्या पावसाच्या पाण्यात अंडी घालतो. उबदार पाण्यात त्याची पिल्ले सुमारे दीड ते दोन महिन्यांत पूर्ण वाढतात. जुलै आणि ऑगस्ट हाच कार्प बीज सोडण्याचा काळ. म्हणजे जून अखेरीस भरलेल्या तळ्यात ऑगस्टमध्ये मत्स्यबीज सोडणारा शेतकरी ते नकळत वाढलेल्या शिकाऱ्यांच्या पुढ्यात सोडतो. शिवाय काठचे गवत आणि पाणवनस्पती यांमुळे अनेक कीटकांना अंडी घालण्यास आणि लपण्यास जागा मिळते.

साबण आणि तेल : जुना, स्वस्त आणि विसरलेला उपाय

हवेतून श्वास घेणाऱ्या कीटकांसाठी भारतीय मत्स्यशेतीत साबण-तेलाच्या मिश्रणाची शिफारस दीर्घकाळ केली जात आहे. प्रमाण असे : हेक्टरी ५६ किलो स्वस्त खाद्यतेल आणि १८ किलो साबण. एका गुंठ्याच्या तळ्यासाठी हे प्रमाण सुमारे ५६० ग्रॅम तेल आणि १८० ग्रॅम साबण इतके होते. साबण गरम पाण्यात विरघळवावा, त्यात तेल घालून दुधट मिश्रण होईपर्यंत ढवळावे आणि ते संपूर्ण पृष्ठभागावर शिंपडावे. पृष्ठभागावर पसरलेला तवंग कीटकांची श्वसनरंध्रे बंद करतो. येथे तळ्याची खोली मोजण्याची आवश्यकता नसते, कारण काम तवंगाचे आहे. क्षेत्रफळ तेवढे नीट मोजावे.

या उपायाला तीन मर्यादा आहेत आणि त्या शेतकऱ्याला स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. वारा असेल तर तवंग एका काठाला लोटला जातो आणि श्रम वाया जातात. म्हणून शांत वेळ निवडावी. हे काम बीज सोडण्यापूर्वी १२ ते २४ तास आधी करावे. आठवडाभर आधी केल्यास नवे कीटक येऊन बसतात. तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची : चतुराच्या पिल्लांवर तवंगाचा परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी बारीक जाळी तळालगत आणि काठच्या गवतातून अनेकदा ओढणे, काठ स्वच्छ ठेवणे, आणि पाणी भरणे व बीज सोडणे यांतील काळ अनावश्यक लांबू न देणे, हेच उपाय उरतात.

कीटकनाशक हा येथे पर्याय होऊ शकत नाही. शेतातील फवारणीतून उरलेले औषध तळ्यात ओतण्याचा मोह होतो. परंतु सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे माशांना अत्यल्प प्रमाणातही घातक असतात, आणि मत्स्यजिऱ्यांचे पहिले अन्न असलेले प्राणिप्लवंग त्यांनी नष्ट होतात. शत्रू मरतो, पण पिल्लाचे ताटही रिकामे होते. पूर्व भारतात याच तळ्याच्या काठी भांडी घासली जातात आणि अंघोळी होतात, हेही विसरता येत नाही.

आकार हेच कवच

भक्षकांपासून सर्वांत खात्रीचे संरक्षण जाळ्यात किंवा औषधात सापडत नाही. ते बीजाच्या लांबीत आहे. ८० ते १०० मिलीमीटरची बोटुकली बहुतेक पाणकीटकांच्या आवाक्याबाहेर गेलेली असते. इतकेच नव्हे, मासे मोठे झाले की संबंध उलटतो आणि कीटकांच्या अळ्या कित्येक माशांचे, विशेषतः सायप्रिनस माशाचे, अन्न होतात. काल ज्याची भीती होती, ते आज चारा ठरते. मधल्या काळात बदललेली असते ती केवळ माशाची लांबी.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की बोटुकली महाग पडते आणि वेळेवर मिळत नाही. आक्षेप खरा आहे, पण तळ्याच्या आकाराचा हिशेब मांडला तर तो सौम्य होतो. मिश्र मत्स्यसंवर्धनात हेक्टरी ५,००० ते १०,००० बोटुकली सोडण्याची शिफारस आहे. म्हणजे गुंठ्याला ५० ते १००. पाच गुंठ्यांच्या तळ्याला २५० ते ५०० बोटुकली पुरतात. एवढ्या संख्येसाठी हजारो मत्स्यजिरे आणून त्यांतील बहुतेक कीटकांच्या स्वाधीन करणे हा स्वस्त व्यवहार नव्हे.

बोटुकली मिळत नसेल, तर ती घरीच वाढवता येते. मत्स्यबीज आणून तळ्यातच बांबूच्या खुंटांना बांधलेल्या बारीक जाळीच्या हाप्यात ठेवावे. हाप्याचा तळ गाळापासून वर असावा, म्हणजे चतुराची पिल्ले त्यावर चढत नाहीत. वरची बाजूही जाळीने झाकावी, कारण ढेकूण उडून आत येतात आणि चतुर उघड्या पाण्यात अंडी घालतात. भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड समभाग मिसळून, बारीक दळून खाद्य द्यावे. जाळीवर शेवाळ साचून पाणी खेळेनासे होते, म्हणून ती नियमित घासावी. पिल्ले बोटभर झाली की तळ्यात सोडावी. हे काम महिला बचत गट पूरक व्यवसाय म्हणून सहज करू शकतो. गावात असा एक गट उभा राहिला, तर आसपासच्या तळ्यांना बोटुकली पुरवणे शक्य आहे.

तळ्यातील मांसाहारी मासे

कीटकांखालोखाल हानी करतात ते तळ्यात आधीपासून असलेले मरळ, मागूर यांसारखे मासे. तळे आटल्यासारखे दिसले तरी मरळ ओल्या गाळात तग धरते, हे लक्षात घ्यावे. हे मासे स्वतः चांगल्या भावाचे असतात. म्हणून उन्हाळ्यात पाणी कमी झाल्यावर ते जाळ्याने पकडून विकणे किंवा खाणे हा पहिला मार्ग. पूर्ण सफाई आवश्यक असेल, तर एक मीटर खोलीच्या पाण्यासाठी हेक्टरी २,५०० किलो, म्हणजे गुंठ्याला २५ किलो मोहाची पेंड वापरतात. तिच्यातील सॅपोनिन या घटकाने मासे मरतात आणि पुढे तीच पेंड खत म्हणून उपयोगी पडते. मात्र तिचा विषारीपणा ओसरण्यासाठी सुमारे तीन आठवडे थांबावे लागते. या काळात बीज सोडू नये. पावसाळ्यात पाणी येण्याच्या आणि सांडव्याच्या तोंडाशी जाळी बसवली नाही, तर पहिल्याच पुरात हे सारे श्रम व्यर्थ जातात.

काठावरचे शेजारी

पक्षी, साप आणि सस्तन प्राणी मासे खातच नाहीत, असे म्हणणे चुकीचे ठरेल. खातात, परंतु त्यांना आवरण्याचे मार्ग तळ्याच्या रचनेत आहेत. बगळा आणि ढोकरी उथळ पाण्यात उभे राहून शिकार करतात. काठ तीव्र उताराचा आणि पाणी खोल असेल तर त्यांना उभे राहण्यास जागाच उरत नाही. पाणकावळा बुडी मारतो, त्यामुळे खोलीने तो अडत नाही; त्याच्यासाठी तळ्यावर ठरावीक अंतराने आडव्या, ठळक दिसणाऱ्या दोऱ्या ताणाव्यात आणि पाण्यात बांबूच्या किंवा फांद्यांच्या लपणी ठेवाव्यात. पूर्व भारतात अशा फांद्या चोरट्यांची जाळी अडवण्यासाठीही टाकतात. एकाच श्रमात दोन कामे साधतात. तंगुसाचे पातळ, सैल जाळे मात्र टाळावे. त्यात पक्षी आणि पाणदिवड अडकून तडफडून मरतात, आणि सैल झालेले जाळे माशांनाही बाधते.

हावडा जिल्ह्यातील गावांचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. तेथील घरामागच्या तळ्यांवर आणि बोरूच्या बनांत मासेमार मांजराचा वावर आहे. बंगालीत त्याला बाघरोल म्हणतात आणि तो पश्चिम बंगालचा राज्यप्राणी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. तरीही तळ्यातील मासे गेल्याच्या रागातून त्याला मारल्याच्या घटना घडल्या आहेत. ज्या तळ्याचे खरे नुकसान जुलै-ऑगस्टमध्येच होऊन गेले असेल, त्याचा सूड हिवाळ्यात या प्राण्यावर उगवला गेला, तर शेतकऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. उलट कायद्याचा बडगा मात्र त्याच्यावर येतो. पाणमांजरासही याच अधिनियमाचे संरक्षण आहे.

कीटकांनाही हाच न्याय लावला पाहिजे. पाठीवर पोहणारे ढेकूण, पाणढेकूण आणि चतुराची पिल्ले डासांच्या अळ्या मोठ्या संख्येने खातात. त्यामुळे त्यांचे नियंत्रण केवळ संगोपन तळ्यात आणि बीज सोडण्याच्या वेळेपुरते असावे. बोटुकली सोडलेल्या तळ्यात त्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही.

विस्तार यंत्रणेकडून अपेक्षा

१० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी झाले. त्या यशाच्या स्मरणार्थ हा दिवस राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्यापूर्वी बीज नदीतून गोळा करावे लागे आणि त्यात मांसाहारी माशांची पिल्लेही मिसळलेली असत. प्रेरित प्रजननाने शुद्ध बीज मिळाले. परंतु शुद्ध बीज म्हणजे सुरक्षित बीज नव्हे. हॅचरीतून निघालेल्या पिल्लाचा पुढचा महिना आजही तितकाच धोक्याचा आहे.

म्हणून काही बदल सुचवावेसे वाटतात. बीजवाटपाच्या नोंदीत केवळ नगांची संख्या नसावी. बीजाची सरासरी लांबी मिलीमीटरमध्ये लिहिली जावी. लाखभर मत्स्यजिरे वाटल्याची नोंद भव्य दिसते, पण परसातील लहान तळ्यासाठी पाचशे बोटुकलींची नोंद अधिक मोलाची आहे. जाळ्यासाठी साहाय्य देताना काठावरच्या जाळ्यापेक्षा हाप्याला प्राधान्य मिळावे. प्रशिक्षणात प्रत्येक शेतकऱ्याने स्वतःच्या तळ्यातून बारीक जाळी पाच वेळा ओढून त्यात आलेले कीटक पांढऱ्या ताटात पाहावेत. गाळाच्या रंगाचे, क्षणापूर्वी न दिसलेले चतुराचे पिल्लू ताटात चालू लागले, की भक्षकाविषयीचे व्याख्यान वेगळे देण्याची गरज फारशी उरत नाही.

आणि एखाद्या शेतकऱ्याने ‘बगळ्याने मासे संपवले’ अशी तक्रार केली, तर जाळ्याची शिफारस करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : बीज केवढे होते, तळे भरल्यानंतर किती दिवसांनी सोडले, आणि त्याआधी पाण्यात काय सापडले. या तीन उत्तरांवरून पुढच्या हंगामाचे नियोजन करावे. बगळ्याचा विचार त्यानंतर.